लांब पल्ल्याचे गाणे

प्रोग्रेसिव्ह रॉक हे नाव काढले, की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. कानठळ्या बसवणारी गिटार, वाढलेले केस आणि हातवारे करीत उड्या मारणारी पोरे. हे चित्र अगदीच खोटे आहे, असे मी म्हणत नाही. केस वाढलेले असतात, आवाजही मोठा असतो. पण तेवढ्यावर जो थांबला, त्याने देवळाबाहेरच्या चपलांची रांग पाहून आतला देव कसा आहे ते ठरवले, असे म्हणावे लागेल.

हे संगीत समोर बसून, किंवा खरे सांगायचे तर समोर उभे राहून, ऐकताना काय होते, ते मी आज तुम्हांला सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, आमच्या छत्रपती संभाजीनगरात, जुन्या औरंगाबादेत, हे कुठे ऐकायला मिळते? मिळत नाही, म्हणूनच सांगायचे. आणि दुसरे असे, की या परक्या वाटणाऱ्या गाण्याचे आपल्या कानाशी काही जुने नाते आहे. ते नाते ध्यानात आले, की हे परकेपण बरेचसे गळून पडते.

प्रथम, हे गाणे आले कुठून? आपल्या आजोबांच्या काळी घराघरांत ज्या तबकड्या होत्या, त्या मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. त्या तीन मिनिटांत आपल्या थोर गवयांनी ख्याल बसवले. आलाप, बोल, तान, सगळे. जणू काडेपेटीत पैठणी घडी करून ठेवावी तसे. पण ती तडजोड होती, हे गाणाऱ्यालाही ठाऊक होते आणि ऐकणाऱ्यालाही. पुढे 1948 साली अमेरिकेत लाँग प्ले तबकडी निघाली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मावू लागली. इंग्लंडातल्या काही तरुण वादकांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस विचार केला, की जागा जर वीस मिनिटांची आहे, तर गाणे तीन मिनिटांचेच का? किंग क्रिमसन या मंडळींची पहिली तबकडी 1969 ची. पिंक फ्लॉइडची 'एकोज' ही रचना 1971 ची, ती तेवीस मिनिटांची. तबकडीची एक सबंध बाजू तिनेच व्यापलेली. 1972 साली जेथ्रो टल या वाद्यवृंदाने 'थिक ॲज अ ब्रिक' काढली. तीत दोन्ही बाजू मिळून एकच गाणे! तबकडी उलटण्यापुरताच काय तो खंड.

आता सांगा, बडा ख्याल पाऊण तास ऐकणाऱ्या माणसाने याला परके का म्हणावे? हळूहळू उलगडणारी रचना, मधेच आलेला विसावा, सुरुवातीचा सूर पुन्हा शेवटी भेटणे, ही आपल्याला काही नवी गोष्ट नव्हे. फरक आहे तो साधनांचा. तिथे राग नाही, स्वरांचे थर एकावर एक रचणारी मांडणी आहे. पण ऐकणाऱ्याकडून दोन्ही संगीते एकच वस्तू मागतात, ती म्हणजे धीर.

तालाचेही तसेच. साधे रॉक गाणे बहुतेक चार मात्रांत चालते. ज्याला टाळी वाजवता येते, त्याला ते कळते. या मंडळींनी तिथेही वाट वाकडी केली. जेथ्रो टलचे 'लिव्हिंग इन द पास्ट' हे 1969 चे गाणे पाच मात्रांत आहे. पिंक फ्लॉइडचे 'मनी' हे 1973 चे गाणे सात मात्रांत आहे. सात मात्रा म्हणजे आपला रूपक. लहानपणी तबल्याच्या वर्गात 'ती ती ना धी ना धी ना' घोकलेल्या माणसाला ते गाणे ऐकले, की ओळखीचा माणूस परगावी भेटल्यासारखे वाटते.

आणि आपण तर देवगिरीच्या पायथ्याशी राहणारी माणसे. तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या काळी इथेच शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' हा सात अध्यायांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या तालाध्यायात एकशेवीस देशी ताल सांगितले आहेत. चार मात्रांच्या सरळ रस्त्यावर समाधान न मानणारी माणसे आपल्या शहरापासून पाच कोसांवर सातआठशे वर्षांपूर्वी होऊन गेली. म्हणजे विषम मात्रांचे कौतुक आपल्याला विलायतेकडून शिकायला नको.

असो. आता प्रत्यक्ष अनुभवाकडे वळू.

18 फेब्रुवारी 2007, रविवार. पिंक फ्लॉइडचे एके काळचे प्रमुख गीतकार रॉजर वॉटर्स हे मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर गाणार होते. पिंक फ्लॉइड त्यांनी 1985 सालीच सोडले होते. आता स्वतःचे वादक घेऊन ते जगभर फिरत होते. कार्यक्रमाचा बेत असा, की पूर्वार्धात निरनिराळी गाणी आणि उत्तरार्धात 'द डार्क साइड ऑफ द मून' ही 1973 ची तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही गाणे न गाळता. मी आदल्या रात्री देवगिरी एक्सप्रेसने निघालो. गाडीचे नावही शुभशकुनाचे!

ती तबकडी मी घरी शेकडो वेळा ऐकली असेल. तेव्हा नवीन काय मिळणार, असे कोणी विचारील. नवीन मिळाले ते असे. 'मनी' सुरू झाले. नाण्यांचा खणखणाट, गल्ल्याचा आवाज, हे सगळे तालात गुंफलेले. माझी बोटे आपोआप रूपक मोजू लागली. आजूबाजूच्या लोकांनी उत्साहाने टाळ्या धरल्या. पण सवयीने चारच्या! तेव्हा दुसऱ्याच आवर्तनाला टाळ्या एकीकडे आणि गाणे दुसरीकडे. लोक गोंधळले, हसले, काहींनी टाळ्या सोडून दिल्या. माझ्यामागे एक कॉलेजातला मुलगा होता, तो मात्र हळू आवाजात एक ते सात मोजीत होता. त्याच्या शेजारचा मोजू लागला. मग त्याच्या पलीकडचा. दहा-पंधरा माणसांचे एक बेट तयार झाले आणि त्या बेटावर सम अचूक पडू लागली. पुढे गिटारीचा एकल भाग आला, तिथे गाणे सातांवरून चारांवर जाते. सगळे मैदान एकदम सुटल्यासारखे झाले. हजारो टाळ्या बरोबर पडल्या. आणि तो भाग संपून सात परत आले, तेव्हा आमचे बेट बरेच मोठे झाले होते.

घरी ऐकताना हे घडत नाही. तबकडी तुम्हांला गाणे देते, पण शेजारी देत नाही. समेवर 'वा' म्हणणारा माणूस शेजारी असला, म्हणजे सम दुप्पट गोड लागते, हे बैठकीला बसणाऱ्यांना मी काय सांगावे? तेच मैदानावर, हजारोंच्या बैठकीत, अनुभवाला आले.

दुसरी गोष्ट शरीराची. खालच्या पट्टीचा सूर मोठ्या ध्वनिक्षेपकातून येतो, तो कानाआधी छातीला कळतो. घरच्या पेटीला ते साधत नाही. आणि मैदानाची एक गंमतही सांगतो. ध्वनी हवेतून एका सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. तुम्ही मंचापासून शंभर मीटरांवर उभे असाल, तर ढोलावर काठी पडलेली आधी दिसते आणि तिचा आवाज जवळजवळ पाव-एक तृतीयांश सेकंद उशिरा पोहोचतो. द्रुत लयीत तेवढ्या वेळात एक सबंध मात्रा निघून जाते! म्हणून मोठ्या मैदानात मध्यावर आणखी ध्वनिक्षेपकांचे मनोरे उभारतात आणि त्यांचा आवाज हिशेबाने तेवढाच उशिरा सोडतात. मंचावरून आलेला आवाज आणि मनोऱ्याचा आवाज मागच्या माणसाच्या कानी मग एकत्र पोहोचतो. हे काम चोख झाले, तर कोणाला कळतही नाही. बिघडले, तर प्रत्येक सूर दोनदा ऐकू येतो. तेव्हा गाणाऱ्याला दाद देताना ध्वनियोजना सांभाळणाऱ्या त्या अंधारातल्या माणसालाही थोडी दाद द्यावी.

कार्यक्रम संपला, तेव्हा परतीची रात्रगाडी केव्हाच निघून गेली होती. रात्र स्थानकावर काढून सकाळची तपोवन धरली. डोळ्यांवर झोप होती, पण मनमाडपर्यंत झोप लागली नाही.

दुसरी आठवण सांगतो ती मी स्वतः पाहिलेली नाही. त्या श्रोत्यांत मी नव्हतो. पण ती वगळून हा विषय पुरा होणार नाही. जेथ्रो टल आणि आपल्या सतारवादक अनुष्का शंकर यांचा एकत्र कार्यक्रम 29 नोव्हेंबर 2008 रोजी मुंबईत ठरला होता. तुम्हांला ती तारीख आठवत असेल. 26 तारखेच्या रात्री मुंबईवर हल्ला झाला आणि 29 तारखेच्या सकाळी ताजमहाल हॉटेलातली शेवटची चकमक संपली. अशा दिवशी कसले गाणे? कार्यक्रम पुढे ढकलला. परदेशी वादकांनी तसेच सामान बांधून निघून जावे, यात कोणी त्यांना दोष दिला नसता. ते गेले नाहीत. 5 डिसेंबरला तोच कार्यक्रम हल्ल्यातील पीडितांच्या मदतीसाठी झाला. त्याला नाव दिले होते, 'अ बिलियन हँड्स'. शंभर कोटी हात!

जेथ्रो टलचे इयन अँडरसन बासरी वाजवतात, बहुधा एका पायावर उभे राहून. एक पाय दुमडून बासरी वाजवणारी मूर्ती आपल्या डोळ्यांना अनोळखी नाही. ती बासरी आणि सतार एका मंचावर, आणि समोर आठवडाभर बातम्या पाहून थकलेले शहर. गर्दीची भीती बसावी म्हणूनच तो हल्ला होता. त्यानंतर सहा दिवसांनी माणसे घराबाहेर पडून एका ठिकाणी जमतात, शेजारी अनोळखी माणूस असताना डोळे मिटून ऐकतात, याचा अर्थ नुसता करमणुकीचा राहत नाही. एकत्र ऐकणे हा एक विश्वास आहे. एरवी तो आपल्या लक्षात येत नाही, इतकेच.

तिसरी आठवण पवईची. तेथील आय. आय. टी.चे विद्यार्थी 1971 पासून 'मूड इंडिगो' हा महोत्सव भरवतात. डिसेंबर 2009 मध्ये तिथे पॉर्क्युपाइन ट्री हा इंग्लंडचा वाद्यवृंद आला. त्याच वर्षी त्यांची 'द इन्सिडेंट' ही चौदा भागांची, पंचावन्न मिनिटांची रचना निघाली होती. म्हणजे लांब पल्ल्याचे गाणे 1970 च्या दशकाबरोबर संपले नव्हते. या मंडळींच्या संगीतात गर्जना आहे, पण तिच्या आधी आणि नंतर फार हळुवार जागा आहेत. माझ्या स्मरणात राहिली ती गर्जना नव्हे. एका गाण्यात सारी वाद्ये थांबली, एक गिटार तेवढी मंद वाजत राहिली. आणि परीक्षेइतकाच आरडाओरडाही मनापासून करणारी ती हजारो मुले एकदम गप्प झाली. कोणी शिट्टी मारली नाही. मला वाटते, गर्दीला ओरडायला लावणे सोपे आहे. गर्दीला गप्प करता येणे ही खरी मातबरी. तंबोरे लागत असताना सभागृहात जी शांतता उतरते, तिचीच ही धाकटी बहीण.

याच वाद्यवृंदाचे प्रमुख स्टीव्हन विल्सन 2016 साली पुण्याच्या वीकेंडर महोत्सवात स्वतःचे वादक घेऊन आले. अशा महोत्सवात एकाच वेळी अनेक मंचांवर निरनिराळे कार्यक्रम चालू असतात. लोक इकडून तिकडे फिरतात, खातात, गप्पा मारतात. त्यात वाईट काही नाही. आपल्या जत्रेतही तेच चालते. पण दहा-बारा मिनिटांच्या गाण्याला जत्रेत उभे राहून ऐकणारा लागतो आणि त्या रात्री तो होता. आपल्या पोरांना मन लावून ऐकता येत नाही, अशी तक्रार करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी अशा गर्दीत एकदा जाऊन पाहावे.

आता यातली अडचणीची बाजू. 2000 साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातले ठराविक दिवस, जास्तीत जास्त पंधरा, राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकते. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्या भोवती शंभर मीटरांचा शांतता-पट्टा. हा नियम चुकीचा आहे, असे मी म्हणणार नाही. घरात आजारी माणूस असताना खिडकीशी ढणढणाट सोसलेल्या कुणालाही विचारा. पण त्याची किंमत लांब पल्ल्याच्या संगीताला अधिक पडली, हेही खरे. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव 1953 पासूनचा. एके काळी तिथे गाणे पहाटेपर्यंत चाले. पहाटेचा राग पहाटेला ऐकण्याची ती चैन गेली. मुंबईचे धोबीतलावचे रंगभवन हे खुले नाट्यगृह. तिथे शास्त्रीय संगीत झाले, जॅझ झाले आणि 1986 पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा आपल्या मुलांचा मेळा भरला. शेजारी रुग्णालय आणि महाविद्यालय, म्हणून ते शांतता-पट्ट्यात आले आणि तिथले गाणे बंद पडले. गवई आणि गिटारवाले एरवी एकमेकांकडे पाहत नाहीत; पण एकाच दारातून दोघेही बाहेर पडले.

मग यावर उपाय? सवाई गंधर्वाच्या आयोजकांनी तो करून दाखवला आहे. दिवसाची सत्रे वाढवली. गाणे लवकर सुरू केले. रात्र गेली, तर सकाळ आहे, दुपार आहे. दुपारचे राग फार दिवस उपेक्षित होते, त्यांना निदान श्रोते मिळाले.

आपल्या शहरापुरते बोलायचे, तर आपल्याकडे जागेचा तोटा नाही. वेरूळ-अजिंठा महोत्सव पूर्वी वेरूळला, कैलासाच्या सान्निध्यात होत असे. नंतर तो शहरात सोनेरी महालाच्या प्रांगणात आला. काही वर्षांच्या खंडानंतर फेब्रुवारी 2023 मध्ये तो पुन्हा भरला. मागे डोंगर, वर मोकळे आकाश, समोर सतराव्या शतकातली वास्तू. याहून चांगले सभागृह पैसे ओतूनही बांधता येणार नाही. पण महोत्सव वर्षातून दोन-तीन दिवसांचा. उरलेल्या दिवसांचे काय? या शहरात गिटार शिकणारी, ढोलांचा संच वाजवणारी मुले आहेत. शेजाऱ्यांची बोलणी खात, खिडक्या लावून, पंखा बंद करून ती सराव करतात. त्यांतली जी खरी ध्यास घेतलेली, ती पुण्या-मुंबईला जातात आणि तिकडचीच होतात. गाणारा गेला, की त्याच्यामागे ऐकणाराही जातो. मग आपण म्हणतो, आमच्याकडे असले काही होत नाही.

म्हणून माझे दोन शब्द. एक, वडीलधाऱ्यांना. एखादे सभागृह महिन्यातून एका रविवारी सकाळी या मुलांना द्या. सकाळी दहा ते एक. नियम मोडत नाही, कोणाची झोप जात नाही. त्याच मंचावर आधी एखाद्या विद्यार्थ्याचे तबलावादन ठेवा आणि मग यांचे सात मात्रांचे गाणे. शार्ङ्गदेवाच्या गावात ही जोडी शोभेल.

दुसरा शब्द तरुणांना. जमेल तेव्हा प्रवास करा आणि एकदा तरी असे गाणे समोर उभे राहून ऐका. जाण्यापूर्वी ती रचना घरी एकदा पुरी ऐका, तुकडे करून नव्हे. कानांची काळजी घ्या. 85 डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानतात. पुढे प्रत्येक तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे शंभर डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे! मोठ्या मैफलीत आवाज तेवढा चढतो. तेव्हा ध्वनिक्षेपकाला चिकटून उभे राहू नका आणि कानात घालायचे बोळे खिशात ठेवा. त्यात कमीपणा काही नाही. वाजवणारेही ते घालतात. शेवटचे म्हणजे, फोन खिशात ठेवा. चित्र घेणारे पुष्कळ असतात. मोजणारा, ऐकणारा, गप्प राहणारा एखादा असतो. मैफल उभी राहते ती त्याच्या जोरावर. तो एखादा तुम्ही व्हा, म्हणजे गावात मैफल यायला फार काळ लागणार नाही.